रेकॉर्ड रूमचं दार

"आता रेकॉर्ड रूमपाशी आणखी एक डबा कशाला बसवला? काय अडलं होतं?" शेजारच्या टेबलावर ढवळे पुटपुटले.

आमच्या ऑफिसातल्या फोनना वायर नाही. बोलणं छतावरच्या वायफायच्या डब्यांतून जातं. फोन घेऊन चालू लागलं की एक डबा तो कॉल पुढच्याच्या हवाली करतो, लेकीची पाठवणी करावी तसा. फक्त रेकॉर्ड रूमच्या दाराशी कुठलाच डबा पोचायचा नाही आणि कॉल तुटायचा.

त्या दाराचा आम्हाला फार आधार होता. आमच्याबरोबर काम करणारे रेवंडकर वारले, तेव्हापासून त्यांची बायको दर सोमवारी फोन करते. वडिलांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून मुलीने केलेल्या अर्जाचं काय झालं, एवढंच विचारते. "बघतो हं, वहिनी" म्हणत आम्ही उठायचो आणि बोलत बोलत त्या दाराशी जायचो.

आज फोन मी घेतला. सवयीने दारापर्यंत गेले आणि तुटायची वाट बघत उभी राहिले.

"आज अगदी स्वच्छ ऐकू येतंय, ताई," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तिचं नोकरीचं वय उलटतंय, म्हणून विचारते."

मागोमाग आलेले ढवळे 'ठेवा, ठेवा' म्हणून हाताने खुणावत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"वहिनी, आजच दुसरा अर्ज घेऊन या," मी म्हणाले. "पहिला आम्ही हरवलाय. मार्चपासून माहीत आहे आम्हाला."