ओदीलचा खांब

फादर ओबँनी खांबाच्या पायाशी ठेवलेला लायलॅकचा गुच्छ उचलला, तेव्हा गास्तों तिथेच उभा होता. टोपी हातात धरून.

फुलं ठेवायची तर वेदीपाशी, असं फादरनी त्याला आधीही सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या शनिवारी अंगणातली फुलं तोडून पुन्हा इथेच आणायचा. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या आता प्रार्थनेपेक्षा या भांडणासाठी येऊ लागल्या होत्या.

ओदील त्याची बायको. आलेल्या लोकांना कॅथेड्रल दाखवायचं काम ती जन्मभर बिनपगारी करत आली. याच खांबाशी त्यांना थांबवून म्हणायची, आता बोलू नका, वर बघा. लोक माना मागे टाकायचे. खांबातून फुटलेल्या दगडी फासळ्या उंच अंधारात एकमेकींना भिडलेल्या दिसायच्या आणि सगळे खरंच गप्प व्हायचे. गेल्या शरदात ती गेली. जाण्याआधी एवढंच म्हणाली, मला त्या खांबापाशीच ठेव.

गास्तोंने जाऊन विचारलं. फादर म्हणाले, फरशीखाली फक्त बिशपांना जागा मिळते, आणि इमारत सरकारची, त्यामुळे आता बिशपांनासुद्धा परवानगी लागते.

"त्यातल्या एकानं तरी ही फरशी कधी पुसली होती का?" गास्तोंने विचारलं. "तिनं पुसलीय."

परवानगी काही मिळाली नाही. थंडी सरताना त्याने पुलावरून नदीत राख सोडली. राख अशी सोडणं चर्चला पसंत नाही. तरी ओदीलसाठी फादर आले आणि कठड्याशी हात जोडून उभे राहिले. पाण्यावर पांढुरका ढग पसरला आणि पुलाखालून निघून गेला. मग गास्तों पुन्हा कामावर रुजू झाला. कॅथेड्रलच्या दुरुस्तीसाठी चुना मळायचं काम त्याच्याकडे होतं.

आज फादर गुच्छ घेऊन वळतात तोच नवी गाइड मारित लोकांना घेऊन खांबाशी आली. ओदीलसारखं गप्प करणं तिला जमत नसे, म्हणून ती गोष्टी सांगायची. या खांबाचे सांधे नुकतेच नव्याने भरलेत, ती म्हणाली. इथल्या गवंड्यांची जुनी रीत अशी, की चुन्याच्या पहिल्या घमेल्यात प्रत्येकाने घरचं काहीतरी घालायचं. कुणी अंडं फोडतं, कुणी वाइन ओततं. या गास्तोंकाकांनी बायकोच्या हातची आलुबुखाराची दारू आणली होती.

"म्हणजे अर्धी खांबाला, अर्धी गवंड्यांना," एकजण म्हणाला.

"अर्धी कसली? खांबाला घोटभर मिळाली," गास्तों म्हणाला.

सगळे हसले. फादर हसले नाहीत. त्यांनी मारितला लोकांना पुढे न्यायला सांगितलं, पण लोक जागचे हलले नाहीत.

"आज तुमची फुलं, उद्या आणखी कुणाची मेणबत्ती, परवा फोटो," फादर म्हणाले. "पुढच्या वेळी फुलं दिसली तर दारावरच्या माणसाला सांगेन, तुम्हाला आत सोडू नको म्हणून."

"सांगा. मी दाराबाहेर उभा राहीन. पाऊस असला तरी."

"कशासाठी हा हट्ट?"

"ती म्हणाली होती म्हणून."

फादर जवळ आले. त्यांनी गुच्छ काखेत धरला, खांबावर हात टेकला आणि आवाज उतरवला. माणूस वाईट नव्हता. "गास्तों, ती इथे नाहीये. आपण दोघांनी तिला नदीत सोडलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"तुमच्या डोळ्यांदेखत," गास्तों म्हणाला.

"मग? तिच्याशी बोलायचं असेल तर पुलावर जा. इथे नुसता दगड आहे आणि चुना." बोलता बोलता ते दोन दगडांमधला ओलसर पांढरा सांधा अंगठ्याच्या नखाने उगाच खरवडत होते.

गास्तोंने टोपी डोक्यावर चढवली, पुढे होऊन फादरचं मनगट धरलं आणि अलगद बाजूला केलं.

"नख लावू नका, फादर. तिला गुदगुल्या सहन होत नाहीत."