लिव्हर तीनवर

भावाभावांतला न्याय एकदा आकड्यांत मांडला, की त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा राहत नाही. सोमवारी सकाळी सव्वाआठला थोरल्याने आकड्यावर बोट ठेवलं, तर तो तीन होता. त्याने हेल्मेट जमिनीवर आपटलं आणि जिन्याकडे तोंड करून धाकट्याचा उद्धार सुरू केला.

वडील गेल्यावर त्यांच्या सव्वीस वर्षांच्या मोटरसायकलची वाटणी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्याचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचे. रविवारी गाडीवर कव्हर. वडिलांच्या स्मृतीला तेवढीच सुट्टी. पण वडिलांचा पंजा फावड्याएवढा होता आणि क्लच त्या मापाचा. धाकट्याची बोटं तिथवर पोचत नसत. गाडी चौकाचौकात बंद पडे. "बायकी हात," थोरला म्हणे. त्यावरून महिनाभर अबोला झाला, आणि मग गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मांडवली केली. मागेपुढे करता येणारे लिव्हर बसवायचे, क्लचला आणि ब्रेकला.

इतक्या जुन्या गाडीसाठी असले लिव्हर कुणी बनवत नव्हतं. मिस्त्रीने दुसऱ्याच गाडीचे आणले, सैल बसणाऱ्या भोकात पितळी बुश ठोकलं, ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा पेटवणारं टोक कानशीने घासलं आणि बसवले. प्रत्येक लिव्हरच्या मुळाशी एक छोटं चाक, त्यावर एक ते सहा आकडे. एकवर लिव्हर मुठीजवळ येतो, सहावर लांब जातो. थोरल्याचा आकडा पाच, धाकट्याचा एक. जिन्याखाली कागद चिकटवला गेला : गाडी लावणाऱ्याने आकडा दुसऱ्याचा करून ठेवावा. खाली दोघांच्या सह्या. घरात चौदा महिने शांतता नांदली. आणि आज हा तीन.

दोघं भाऊ गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला मिस्त्रीकडे आले. सुरू करून आणली असती, पण कोण चालवणार, यावर एकमत झालं नाही.

"शनिवारी मी पाचवर ठेवला होता," धाकटा ओरडला. "आईची शपथ!"

"आईला मध्ये आणू नकोस. रविवारी चोरून फिरवलीस आणि आकडा भलताच ठेवलास, म्हणजे तुझ्यावर संशय येऊ नये."

"मी तीनवर चालवीन? माझी बोटं पोचतात का तीनवर? तूच म्हणतोस ना, बायकी हात!"

"काय रे मिस्त्री, चाक आपोआप फिरतं का?" थोरल्याने विचारलं.

मिस्त्रीने हात पुसले. लिव्हर पुढे दाबून धरला, चाक फिरवलं, सोडलं. टक्. "असं दाबल्याशिवाय हलत नाही. दोन्ही लिव्हर तीनवर आहेत. ज्याने केलं, त्याने बसून नीट केलंय."

मग सगळंच निघालं. चाकांत हवा कोण भरत नाही, चेनला तेल कोण देत नाही, हॉर्न कुणी बिघडवला, वडिलांच्या शेवटच्या दिवसांत कोण किती वेळा दवाखान्यात आलं. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. पेट्रोलचा विषय मात्र दोघांपैकी एकानेही काढला नाही.

"बस झालं," थोरला म्हणाला. "मला नको, तुलाही नको. मिस्त्री, भंगारवाल्याला फोन लाव."

"लाव!" धाकटा म्हणाला.

मिस्त्रीने खिशातून फोन काढला.

"फोन ठेवा मिस्त्री," मागून आवाज आला. "तीन माझा आहे."

वयाने दोघांच्या मधली बहीण खांद्याला पर्स लावून उभी होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि बसने जायची, असा भावांचा समज होता. सोमवार ते शनिवार तो खराही होता.

"तू?" थोरला म्हणाला. "तुला चालवता येते?"

"बाबांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात कोण नेत होतं, दादा?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "मला वाटलं, रिक्षा."

"रविवारी बस नसते. माझी ड्यूटी असते. चौदा महिने मी तीनवर चालवते आणि घरी आल्यावर पाचवर करून ठेवते. तुमचा तो कागद वाचून."

"मग काल का नाही केलास?" थोरल्याने विचारलं.

"कंटाळा आला." तिचा आवाज चढला नाही, पण मिस्त्री एक पाऊल मागे सरला. "सहा दिवस तुम्ही वाटून घेतलेत. सातवा बाबांच्या स्मृतीला दिलात. मी त्याच घरात जेवत होते, तुमच्या समोर बसून. आणि आता माझ्यादेखत भंगारात? हात तर लावून बघा."

कुणीच हात लावला नाही. थोरल्याने घसा साफ केला. घरातला मोठा म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं, आणि उदार होण्याची संधी त्याने सहसा सोडली नव्हती.

"बरं. रविवार तुझा. कागदावर तशी नोंद करू. पण एक लक्षात ठेव, नुसतं चालवून भागत नाही. पेट्रोलचं आजवर आम्ही दोघांनी पाहिलं. यापुढे तुलाही भरावं लागेल."

"बरोबर आहे," धाकटा लगेच म्हणाला. चौदा महिन्यांत दोघं दुसऱ्यांदाच एका मताचे झाले होते; पहिलं एकमत भंगाराचं.

बहिणीने पर्समध्ये हात घातला, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक लहान, काळी पडलेली किल्ली सोडवून गाडीच्या सीटवर ठेवली.

"ही कसली?" थोरल्याने विचारलं.

टाकीच्या झाकणाची किल्ली वेगळी होती, आणि ती एकच होती.