नजर लागलेला वाफा

अस्कालेचने वाळलेलं रोप उपटून घरात आणलं आणि सगळ्यांना दिसेल असं शेगडीपाशी ठेवलं. कॉफीचं वीतभर रोप. पानं काळी पडून मुरगळली होती.

"आणखी एक गेलं," ती म्हणाली.

शेजारच्या झेनेबेचने आधी रोपाकडे पाहिलं, मग उखळापाशी बसलेल्या धाकट्या सुनेकडे, आयनालेमकडे. आयनालेम भाजलेल्या बिया कुटत होती. दाराबाहेर रोपांचा वाफा होता, म्हणून ती दाराकडे पाठ करून बसली होती. हल्ली ती अशीच बसायची. पाणी आणायला निघाली की डोक्यावरची चादर कपाळाखाली ओढून घ्यायची.

"कुंभाराची पोर करून आणलीस ना धाकट्याला," भाजलेले जव तोंडात टाकत झेनेबेच म्हणाली. "त्यांच्या नजरेनं दूध नासतं, तिथं रोपांचं काय घेऊन बसलीस! मी तेव्हाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. आणि लग्नात सगळ्यांत जास्त जेवलीसही तूच."

पण हे म्हणताना अस्कालेच हसली नाही. तिने कुटलेली पूड जेबेनात घातली. लांब मानेचं ते काळं मातीचं भांडं आयनालेमच्या आईनेच घडवलेलं होतं. गावातल्या निम्म्या घरांत तिच्याच हातच्या भांड्यांतून कॉफी उकळे.

आजवर या घराने रोपं जंगलातूनच आणली होती. टेकडीवरच्या नव्या तुकड्यासाठी पुष्कळ लागणार म्हणून यंदा पहिल्यांदाच दाराशी वाफा केला, आणि यंदाच ही सून घरात आली. वाफ्याला अस्कालेच तान्ह्या मुलासारखं जपत होती. जेबेना रिकामी झाली की तळाचा चोथा ती स्वतःच्या हाताने रोपांच्या बुडाशी घाली. कॉफीचं सत्त्व कॉफीलाच मिळू दे, म्हणे. तरी रोपं मरत होती.

पहिला कप झाला.

"तिसऱ्या कपाला बोलून टाक," झेनेबेच हलक्या आवाजात म्हणाली. "उद्या सकाळी पोराला सांग, हिला आईकडे पोचवून ये म्हणावं. कायमची."

तिसरा कप आशीर्वादाचा. त्या वेळी घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडून निघालेला शब्द कोणी मागे घेत नाही, तीसुद्धा नाही. आयनालेमला सगळं ऐकू गेलं होतं. तिने जेबेनात पुन्हा पाणी भरलं, निखाऱ्यांवर फुंकर घातली. राख उडून डोळ्यांत गेली, पण तिने डोळे चोळले नाहीत.

दुसरा कप ओतला जात होता तेवढ्यात थोरल्याची हिरुत शाळेतून आली. तिने हातातला पत्र्याचा डबा आजीसमोर आदळला.

"आजी, तुझ्यामुळं माझं रोप मेलं!"

"माझ्यामुळं? मी काय केलं गं?"

"शाळेत सगळ्यांनी डब्यात कॉफीचं रोप लावलंय. बाकीच्यांनी नुसतं पाणी घातलं. मला वाटलं, माझं सगळ्यांत उंच व्हायला पाहिजे. म्हणून मी तू करतेस तसं केलं. रोज पानात बांधून चोथा न्यायची. बाकीच्यांची कशी तरारलीत! आणि माझं बघ."

अस्कालेचने डबा जवळ ओढला. शेगडीपाशी पडलेलं रोप उचलून त्याच्या शेजारी धरलं. दोन्हींची पानं सारखीच काळी होती.

"बाई म्हणाल्या, कॉफीच्या झाडात कडू रस असतो," हिरुत सांगू लागली. "पानांत, फळांत, बियांत, सगळीकडे. त्याला कॅफीन म्हणतात. किड्यांनी खाऊ नये म्हणून झाडच तो बनवतं. जुन्या झाडाची पानं खाली पडून कुजतात ना, त्यांच्यातून तो मातीत उतरतो. मग लहान रोपाला मूळ धरता येत नाही. त्याच झाडाचं बी पडून उगवलेलं असलं तरी. आणि तू तर रोज भांडंभर घालतेस."

"तुझ्या बाईंना म्हणावं, तोच रस पिऊन आम्ही म्हाताऱ्या झालो," झेनेबेच म्हणाली. "आम्हाला काही झालं नाही ते?"

"पण तू रोप आहेस का, झेनेबेच आजी?"

झेनेबेचने कप खाली ठेवला. "नजर शाळेपर्यंतसुद्धा पोचते, दुसरं काय!"

अस्कालेच अजून त्या दोन रोपांकडेच बघत होती. तिने विचारलं, "हिरुत, काकी कधी तुझा हा डबा बघायला आली होती?"

"काकी?" पोरीला प्रश्नच कळेना. "काकीला शाळेच्या फाटकाशी तरी कोण उभं राहू देतं?"

शेगडीवरच्या जेबेनातून वाफ येऊ लागली.

तिसरी कॉफी अस्कालेचने स्वतः ओतली. झेनेबेच तिच्या तोंडाकडे बघत राहिली. या फेरीचा पहिला कप पाहुण्याचा. अस्कालेचने तो आयनालेमच्या हातात दिला. मग नेहमीसारखं घरादाराचं, गुराढोरांचं, लेकराबाळांचं भलं मागितलं, आणि थांबली. आणखी काही म्हणाली नाही.

झेनेबेचने आपला कप भराभर संपवला आणि चादर सावरत निघून गेली.

अस्कालेच गुडघ्यावर हात टेकून उठली. जेबेनाच्या मानेला धरून तिने ती हलवून पाहिली. तळाशी ओला चोथा डुचमळला. रोजच्या सवयीने ती वाफ्यापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली.

"सूनबाई," तिने हाक मारली, "बाहेर ये जरा. हे कुठं ओतू, ते आता तू सांग."

आयनालेम दारात आली. कपाळावरची चादर तिने मागे सारली आणि वाफ्याकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका रोपाकडे, सावकाश.

खाली बघ, असं तिला कोणी म्हणालं नाही.