संथ रेघ

विमल खोत चौकीत आल्या तेव्हा हवालदाराने स्वतः खुर्ची पुसून दिली. अख्ख्या तालुक्याच्या पोरींना बाईंनीच कबड्डी शिकवली होती. त्यांची लेक प्रणोती परवा क्लासवरून परतताना बाजार समितीमागच्या रस्त्यावर मारली गेली.

"रस्त्यावरचे खांब छातीचे ठोके ऐकतात ना?" बाईंनी विचारलं. "माणूस घाबरला की गाडी पाठवतात ना? मग माझ्या पोरीला का नाही आली?"

हवालदाराने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रणोतीच्या ठोक्यांची रेघ अगदी संथ होती.

"ताई घाबरल्याच नाहीत, बाई."

बाईंनी डोळे मिटले. पकडीत सापडलीस तरी छाती धडधडू द्यायची नाही, हे त्यांनी लेकीकडून लहानपणापासून घोटून घेतलं होतं.

"लढली का ती?"

"लढल्या की. चावून त्या मारेकऱ्याचा अंगठा तोडायचाच बाकी ठेवला होता." हवालदार घुटमळला. "खरं सांगायचं तर गाडी आली होती."

"कुणासाठी?"

"त्याच्यासाठी. तो घाबरला होता ना. गाडीवाल्यांनी त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली, पाणी पाजलं आणि त्याला घरी सुखरूप सोडलं. ताई पलीकडे चरीत पडल्या होत्या, अंधारात दिसल्या नाहीत."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. गाडी निघून गेल्याची लाल खूण तिथे होती. त्या खुणेच्या पुढेही प्रणोतीची रेघ बराच वेळ चालली होती, शिकवल्याप्रमाणे संथ.