दोन सीटची गाडी

सिल्व्हर पार्कमधल्या पंढरीनाथांची लाल स्पोर्ट्स कार तेवीस वर्षांची झाली आणि त्यांचे गुडघे सत्तर वर्षांचे. गाडीत ते आपले आपण बसत. बाहेर ओढून काढायला मात्र वॉचमन लागे. शेवटी, “बाबा, ही विकू आणि सगळे मावतील अशी सात सीटची घेऊ,” या परागच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. गिऱ्हाईक दारात आलं आणि नेमकी चावी सापडेना.

शोधत शोधत ते स्वयंपाकघरात गेले. अंबिकाबाई कोथिंबीर निवडत होत्या. जुडीखालून चावी डोकावत होती.

“अगं, हा डबा भंगारात घाला, असं तूच म्हणायचीस ना?”

“चारचौघांत म्हणावं लागतं.” अंबिकाबाईंनी आवाज खाली आणला. “अहो, दोनच सीट होत्या, म्हणून तुमची आई आणि तिन्ही बहिणी दारातूनच टाटा करायच्या. आता सात सीटची आली की कोण कोण बसेल, मोजा बघू.”

पंढरीनाथ बोटांवर मोजू लागले. तिसऱ्या बहिणीपाशी थांबले, आणि तडक बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला म्हणाले,

“सॉरी अल्पेशभाई, चाबी गुम हो गया.”