कोरडी जागा

दुसऱ्या खड्ड्यालाही पाणी लागलं.

वरची माती काळी, मुळांनी विणलेली, भिजलेल्या लोकरीसारखी. ती खणता येत नव्हती, फावड्यानं कापावी लागत होती. रात्रीच्या थंडीनं मातीतून वर आलेले बर्फाचे बारीक खिळे बुटांखाली करकर मोडत होते. कमरेएवढं खाली गेल्यावर माती निळसर राखाडी झाली. जुन्या मुळांच्या वाटेनं गंजासारखे तांबूस ओघळ, आणि कुजक्या अंड्यांचा वास. मग चारी बाजूंनी पाणी आलं. उसळून नाही, घामासारखं. सेखोबेनं बादलीनं उपसलं. बादली बाहेर ओतून वळेपर्यंत तेवढंच पुन्हा जमलं.

"पेटी तरंगेल," तो म्हणाला.

"वर दगड टाकू," दुसरा एकजण म्हणाला.

"दगड टाकून दाबून ठेवायचा? माणूस आहे तो."

सेखोबेनं पुन्हा बादली बुडवली.

मला माझ्या कुरणात पुरा, असं त्सेकोनंच सांगून ठेवलं होतं. थोरल्या भावाशी, मोहापीशी भांडून, सरदारापर्यंत जाऊन त्यानं हे कुरण मिळवलं होतं. भोवतालचे डोंगर वाळून पिवळे पडले तरी हा खोलगट तुकडा हिरवागार. असल्या जमिनीत काय पिकणार नाही, असं तो म्हणायचा. बटाटे कुजले. गहू वीतभर वाढून पिवळा पडला. चर खणले, ते गाळानं बुजले. "पुढच्या वर्षी बघा," तो म्हणायचा. मोहापीनं त्याच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं.

मापुलेंग झोपडीत जमिनीवरच्या गादीवर बसली होती. नवऱ्याची पेटी उचलेपर्यंत विधवेनं गादी सोडायची नसते. बाहेरचं बोलणं तिला दारातून ऐकू येत होतं. बादलीचा आवाज येत होता. ती उठली.

"कुठे निघालीस?" त्सेकोची म्हातारी आत्या ओरडली. "पेटी अजून घरात आहे! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, आत्या."

मोहापी वर, आपल्या घराशी उभा होता. सकाळपासून तिथेच. खाली येत नव्हता आणि आतही जात नव्हता. मापुलेंग कुरणातून सरळ त्याच्याकडे निघाली. एक बूट चिखलानं ओढून घेतला. तो काढायला ती थांबली नाही.

"न्ताते," थोरल्या दिराला वडीलकीच्या मानानं हाक मारत, धापा टाकत ती म्हणाली, "मागची जागा द्या."

कुठली, ते मोहापीला विचारावं लागलं नाही. त्या उतारावर सगळीकडे हातभर मातीखाली कातळ. खोल आणि कोरडी माती होती ती फक्त त्याच्या घरामागच्या सपाटीवर. तिथे त्याच्या बायकोला पुरलं होतं, आणि तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःसाठी राखली होती. गावची दफनभूमी खिंडीपलीकडे, आणि खिंड बर्फानं बंद.

"त्यानं मागितली असती?" मोहापीनं विचारलं.

"नाही."

"मग तू कशाला मागतेस? त्याचं कुरण आहे की. सरदारासमोर मला चोर म्हणाला तो, त्या कुरणापायी. सगळ्या गावादेखत."

"म्हणाला. मी तिथेच होते."

"मग?"

"त्याला पोहता येत नव्हतं, न्ताते."

मोहापीनं तोंड फिरवलं. खांद्यावरच्या ब्लँकेटची पिन त्यानं उगाच काढली, पुन्हा लावली. तिच्या उघड्या पायाकडे त्याचं लक्ष गेलं. घोट्यापर्यंत काळा, बोटं निळी पडलेली. तो आत गेला, बायकोचे जुने बूट घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवले. मग खाली बघून ओरडला, "सेखोबे! फावडी घेऊन वर या. आणि तो चिखल झटकून या, माझ्या दारात नको!"

पहिलं फावडं त्यानंच मारलं. वरची माती तपकिरी, खालची तपकिरी, छातीएवढं खाली गेल्यावरही तशीच, मुठीत धरली तर भुगा होणारी. दगड मात्र खूप लागले. ते त्यानं एकेक करून बाजूला रचले. कुणी फावडं मागितलं तरी त्यानं दिलं नाही. शेवटी सेखोबेनं त्याला दोन्ही हातांना धरून वर ओढून काढलं.

त्सेकोला पुरलं तेव्हा ऊन निघालं होतं. पेटीवर पडणाऱ्या मातीचा कोरडा आवाज होत होता. लोकांनी वर दगडांची रास केली, दारातल्या घमेल्यात हात धुतले आणि जेवायला गेले. आत्याही गेली.

मापुलेंग राहिली. मोहापीही राहिला.

"आता तुमची जागा कुठे?" तिनं विचारलं.

मोहापी नव्या राशीला वळसा घालून पलीकडे गेला. तिथे सपाटी संपत होती. खाली उतारच. "इथे," तो म्हणाला. "मावेन. कुशीवर झोपवलंत तर."

तिथे उभा राहून तो बायकोच्या थडग्याकडे बघायला लागला. तिचे दगड दगडफुलानं करडे झाले होते. मधे त्सेकोची रास, ताजी, उंच. पलीकडचं धड दिसत नव्हतं. तो टाचा उंचावून बघत राहिला.

"इथेही आलाच आडवा," तो म्हणाला, आणि ब्लँकेटच्या टोकानं त्यानं डोळे पुसले.