दोन्ही हातांनी

टण्‌ करून वाटी पडली, फरशीवर गोल गोल फिरली आणि थांबली. रमाच्या हातातली सुईही थांबली. गेले तीन महिने घरात काहीही पडलं की तिला आधी चारुदत्तचा डावा हात आठवायचा. तळोज्याच्या कारखान्यात तो रोलरमध्ये सापडला होता. प्लास्टर निघालं, टाके सुकले, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मुठीत यायला तयार नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून पाच वर्षांच्या इराने डोकं बाहेर काढलं.

"मी पाडली. बाबांनी नाही. बाबा झोपलेत."

कुणी काही विचारलंही नव्हतं. पोरीला हे असं सांगायला कुणी शिकवलं, असं रमाच्या मनात आलं.

"आई, चाक फिरवायला चल ना."

"कसलं चाक?"

"मोटारसायकलचं. बाबा रोज क्लच दाबून धरतात, मी मागचं चाक फिरवते. ते फिरलं म्हणजे हात बरा झाला. पण फिरतच नाही. मग बाबा म्हणतात, उद्या."

रमाने सुई कापडात खोचून ठेवली.

हात बरा होऊ लागल्यापासून गाडी त्रास देत होती. गिअर टाकला की खर्र करायची, गचका देऊन बंद पडायची. गाडीतच काहीतरी आहे, असं चारुदत्तने दोन-चारदा सांगून पाहिलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मग त्यानेही सांगायचं सोडलं. परवा एक तारखेला त्याला कामावर हजर व्हायचं होतं, आणि आज सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "गेटवर पास लिहायचं काम मागून घेतो. ज्या हाताला क्लच दाबवत नाही, तो मशीन काय सांभाळणार." रमालाही तसंच वाटत होतं.

खाली गाडी स्टँडवर उभी होती. बाबा पायाने टाकतात तो पहिला गिअर इराने दोन्ही हातांनी दाबून टाकला. रमाने क्लचची लिव्हर धरली. चांगलीच घट्ट होती, पण दोन्ही हातांनी दाबून तिने ती पार मुठीला टेकवली. आता गिअर असूनही चाक मोकळं फिरायला हवं होतं.

"फिरव. टायरला हात लाव हं, आऱ्यांत बोटं घालू नकोस."

इराने अंगातलं सगळं बळ लावलं. चाक जागचं हललं नाही.

"आई, तुझापण हात दुखतो?"

रमाने लिव्हर सोडली. मग ती फाटकाशी गेली आणि एसटीडी बूथच्या बाजूच्या शेडमध्ये बसलेल्या काशिराम मेकॅनिकला तिने हाक मारली.

"गाडीत काय नाय, वैनी," काशिराम हात पुसत आला. "मागल्या आठवड्यात सांगितलं ना तुमाला. दादांचा दाब कमी पडतो. हाताला तेल लावा रोज, जोर येईल हळूहळू."

"मी दाबते. तुम्ही चाक फिरवा."

"तुमी कशाला आता उन्हात..."

"फिरवा हो."

त्याने चाकाला जोर लावला. अख्खी गाडी स्टँडवर हलली, चाक तेवढं फिरलं नाही. मग त्याने रमाला बाजूला केलं, स्वतः लिव्हर दाबली, पायाने गिअर वर-खाली केले, पुन्हा दाबली. आणि मान खाजवत उभा राहिला.

"वैनी, मी दादांचा हात बगितला. गाडी बगितलीच नाय."

लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणारी क्लचची वायर त्याने नळीतून ओढून काढली. नळी बाहेरून धड होती. आतल्या वायरचे अर्धे पदर तुटून पिंजारले होते, उरलेले ताणून लांब झाले होते.

"पैलवान आनला असता तरी हा क्लच सुटला नसता," काशिराम म्हणाला.

रमा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. तिला हसू येत होतं.

"रमा, काय चाललंय तिथे?" वर गॅलरीत चारुदत्त उभा होता, झोपेतून उठलेला.

"खाली या. तसेच या, बनियनवर."

तो आला. काशिरामने वायर पुढे केली. चारुदत्तने ती डाव्या हातात घेतली, तुटलेल्या पदरांवरून अंगठा फिरवला.

"मी म्हणत होतो," तो अगदी हळू म्हणाला.

"म्हनत होता, दादा," काशिराम म्हणाला आणि नवी वायर आणायला शेडकडे वळला.

ती बसवून, ग्रीस घालून व्हायला अर्धा तास लागला. चारुदत्तने लिव्हर धरली. दोन बोटं उभीच राहिली, उरलेल्यांनी काम केलं. इराने नेहमीसारखा सगळा जोर लावला आणि चाक असं गरकन फिरलं की ती धडपडलीच.

"परवा डबा जरा लवकर कर," गाडीवर बसता बसता चारुदत्त रमाला म्हणाला. "मशीन तापायला वेळ लागतो. आधी पोचावं लागेल."

त्याने किक मारली. गाडी फाटकाबाहेर पडली, कळंबोलीच्या रस्त्याला वळली. रमा कान देऊन उभी राहिली. पहिला. दुसरा. तिसरा. कुठे खर्र नाही, कुठे गचका नाही. आवाज लांब लांब जात राहिला आणि तिने कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

इराने तिचं बोट ओढलं.

"आई, बाबा तर आधीच सांगत होते, गाडीत आहे म्हणून. मग तू का नाही दाबून बघितलंस?"